किचनचा गळका नळ स्वतः बदलायचाय? कोकणातल्या घरांसाठी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इथे रत्नागिरी-सिंधुदुर्गाकडे नळ गळतो बारा महिने, पण टोचतो तो एप्रिल-मेमध्ये, विहिरीचा तळ दिसायला लागला आणि पंप जरा वेळात हवा ओढायला लागला की. नेमका तेव्हा प्लंबर मिळत नाही, आणि गणपतीच्या आधी तर विचारूच नका, चाकरमानी यायच्या आत प्रत्येकालाच घर नीट करून हवं असतं. म्हणून लोक जे जे विचारतात ते इथे एकत्र लिहिलंय. नळ बदलणं अवघड नाही, हे मी ठामपणे सांगतो. नाजूक असतो तो भिंतीतला पाइप. त्याला धक्का न लावता जुना नळ काढायचा आणि नवीन बसवायचा, सगळं शिकायचं ते एवढंच, आणि खालची बरीचशी उत्तरं त्याच्याभोवतीच आहेत.

थेंब थेंबच तर गळतोय, एवढी घाई कशाला?

मोजून बघा. नळ नेहमीसारखा बंद करा आणि खाली मापाचं भांडं एक तास ठेवा. पाव लिटर जमलं तर दिवसाचं झालं ६ लिटर, महिन्याचं १८० लिटर, म्हणजे ५०० लिटरची टाकी असेल तर तिचा एक तृतीयांशाहून जास्त भाग नुसता मोरीत गेला. हे पाणी तुम्ही पंपाची वीज खर्च करून वर चढवलेलं असतं. आणि थेंब आहे तेवढाच राहत नाही, नळाच्या आत ज्या कडेवर वॉशर टेकतो ती कड पाण्याने हळूहळू झिजते, मग नुसता वॉशर बदलून भागत नाही.

दुसरं म्हणजे भिंत. गळती नळाच्या तोंडातून असेल तर पाणी सिंकमध्ये जातं, पण भिंतीकडच्या जॉइंटमधून असेल तर ते भिंतीच्या चिऱ्यात, म्हणजे जांभ्याच्या दगडात, मुरतं. जांभा सच्छिद्र दगड आहे, ओल धरून ठेवतो, आणि ओल आली की ओट्याखालच्या लाकडी कपाटाला वाळवी लागायला वेळ लागत नाही.

पूर्ण नळ बदलायलाच लागतो का? वॉशर बदलून भागणार नाही का?

बऱ्याच वेळा भागतं, म्हणून आधी गळतं कुठून ते नीट बघा, टॉर्च घेऊन, नळ कोरड्या फडक्याने पुसून.

तोंडातून थेंब येत असेल आणि नळ जुन्या पद्धतीचा, तीन-चार वेळा फिरवून बंद होणारा असेल तर वॉशर गेलाय. पाणी बंद करून वरचा भाग पान्ह्याने खोला, खाली रबराचा वॉशर दिसेल, तो घेऊन दुकानात जा, काही रुपयांत मिळतो. नवीन वॉशर घालूनही महिन्याभरात परत गळायला लागला तर आतली कड खाल्लेली आहे, मग मात्र नळ बदला, सारखे वॉशर घालत बसू नका.

पाव फेऱ्यात बंद होणाऱ्या नळात वॉशर नसतो, सिरॅमिकच्या दोन चकत्या असलेली कार्ट्रिज असते. दुकानदार तिला स्पिंडल किंवा फिटिंग पण म्हणतात. विहिरीतून आलेला रेतीचा कण मध्ये अडकला की चकतीवर ओरखडा पडतो आणि नळ गळतो. कार्ट्रिज बदलता येते पण तिची उंची, दांडीवरच्या दातांची संख्या आणि फिरायची दिशा जुळायला लागते, त्यामुळे नुसतं कंपनीचं नाव सांगून उपयोग नाही, जुनी काढून हातात घेऊन जा.

दांडीतून म्हणजे हँडलखालून पाणी येत असेल तर तिथला ग्लँड नट थोडा आवळून बघा. लांब मानेचा, फिरणारा नळ मानेच्या बुडातून गळत असेल तर तिथली ओ-रिंग, म्हणजे रबराची गोल कडी, गेलीय. आणि भिंतीजवळून गळत असेल तर बहुतेक वेळा नळ चांगला असतो, फक्त काढून आट्यांवर नवीन टेफ्लॉन, म्हणजे पाणी अडवणारा पातळ पांढरा टेप, लावून बसवायचा असतो.

नळाच्या अंगालाच बारीक चीर असेल, आतले आटे खाल्लेले असतील, किंवा क्रोम सुटून पितळ हिरवं पडलं असेल तर दुरुस्तीत पैसे घालू नका.

बंद केल्यावर चार-पाच थेंब पडतात आणि थांबतं. हे पण गळणंच का?

नाही. लांब मानेच्या नळात, तोंडाशी जाळी असेल तर जास्तच, थोडं पाणी मागे राहतं आणि नंतर पडतं. दहा मिनिटांनी परत बघा. तोंड कोरडं असेल तर नळ चांगला आहे.

दुकानात जाऊन नक्की काय मागायचं?

आधी घरी बघा की नळ भिंतीतून येतो की ओट्यातून किंवा सिंकमधून वर येतो. भिंतीतून येणारा साधा आखूड नळ म्हणजे बिब कॉक, भिंतीतूनच येणारा पण लांब फिरत्या मानेचा असेल तर सिंक कॉक. ओट्यावर उभा असतो त्याला पिलर कॉक म्हणतात, लांब मानेचा असेल तर स्वान नेक. गरम-गार दोन्ही एकत्र असेल तर सिंक मिक्सर. नाव लक्षात राहत नसेल तर मोबाइलवर दोन फोटो काढा, एक समोरून, एक बाजूने, भिंतीपर्यंतचं सगळं दिसेल असा.

घरातले जवळपास सगळे नळ अर्ध्या इंचाचे असतात. पट्टीने आटे मोजलेत तर बाहेरून २१ मिलिमीटरच्या आसपास येतील, आणि मग लोक गोंधळतात की आपला नळ पाऊण इंची आहे की काय. तसं नाही. अर्धा इंच हे पाइपाचं नाव आहे, आट्याची जाडी नाही. खरोखरच पाऊण इंची असेल तर बाहेरचं माप २६ मिलिमीटरच्या वर जातं.

भिंतीच्या टाइलपासून सिंकच्या मध्यापर्यंतचं अंतर मात्र मोजून न्या. आखूड नळ घेतला की पाणी सिंकच्या कडेवर पडतं, आणि लांब घेतला तर टोप धुताना सारखा आड येतो. पापलेट-बांगडे साफ करायला, भाताचा मोठा टोप धुवायला फिरत्या मानेचा नळ खूप सोयीचा पडतो, जागा असेल तर तोच घ्या असं मी सांगीन.

समुद्राजवळ घर आहे. पितळ, स्टील की प्लास्टिक?

इथे जरा थांबून विचार करा, कारण घाटावर दहा वर्षं टिकणारा नळ वेंगुर्ल्याच्या किंवा मुरूडच्या किनाऱ्यावर तेवढा टिकेल असं धरू नका. खाऱ्या हवेतलं मीठ नळावर बसतं, दमटपणाने ओलं राहतं आणि क्रोमच्या थरात कुठे बारीक छिद्र असेल तिथून आत शिरतं. मग फोड येतात, साल निघते.

चांगल्या जाड पितळेचा क्रोम केलेला नळ हा अजूनही सगळ्यात भरवशाचा पर्याय. फसवणूक होते ती झिंकच्या नळात. दिसायला तसाच चकचकीत, पण हातात घेतला की हलका लागतो. लोहचुंबकाने काही कळत नाही, कारण पितळ पण चिकटत नाही आणि झिंक पण नाही. आत डोकावून बघा, आट्यांच्या जागी पिवळं दिसलं तर पितळ, करडं दिसलं तर ठेवून द्या. आयएसआयचा शिक्का बघा. पितळेच्या फॅन्सी नळांसाठी आयएस ८९३१ आणि जुन्या पद्धतीच्या फिरवायच्या नळांसाठी आयएस ७८१ असा आकडा असतो.

स्टील म्हटलं की लोकांना वाटतं गंजणारच नाही. ३०४ ग्रेडच्या स्टीलवर समुद्राकाठी चहाच्या डागांसारखे तांबूस ठिपके येतात. पुसले तर जातात पण परत येतात. ३१६ ग्रेडमध्ये मॉलिब्डेनम असतं, ते खाऱ्या हवेत जास्त टिकतं, पण महाग आणि छोट्या दुकानात सहसा मिळत नाही.

प्लास्टिकमध्ये साधा पीव्हीसी नळ आणि पीटीएमटीचा नळ यात फरक आहे. पीटीएमटी जास्त चिवट असतो, त्याला मीठ काही करत नाही, मागीलदारी मासळी धुवायच्या जागेला किंवा भाड्याच्या खोलीला एकदम योग्य. फक्त त्याला पाइप पान्हा लावू नका आणि गिझरच्या लाइनवर बसवू नका.

कुठली हत्यारं लागतात?

एक स्क्रू पान्हा, चांगला उघडणारा, निदान १० इंची. एक पक्कड किंवा पाइप पान्हा, मागचा एल्बो, म्हणजे नळ ज्यात बसतो तो पाइपाचा वळणाचा जोड, धरायला. टेफ्लॉन टेपची दोन रीळं, एक पुरत नाही. जुना टूथब्रश, फडकी, बादली, टॉर्च. आणि एक गोष्ट जी कोणी सांगत नाही ती म्हणजे अर्ध्या इंचाचा आट्यांचा प्लग, त्याला डमी पण म्हणतात. अगदी स्वस्त असतो. नवीन नळ बसला नाही, चुकीचा निघाला, काही फुटलं, तर टेफ्लॉन गुंडाळून हा प्लग लावायचा आणि घरातलं बाकीचं पाणी चालू करायचं. प्लग हातात असेल तर घाई होत नाही, आणि घाईतच पाइप फुटतात.

सुरुवात सकाळी करा, पिंप-कळश्या भरून ठेवून. आपल्याकडे बऱ्याच गावात दुपारी दुकानं बंद असतात, बाराला नळ काढलात आणि वॉशर कमी पडला तर चार वाजेपर्यंत बसावं लागेल.

पाणी कुठून बंद करायचं?

सिंकखाली अँगल कॉक असेल तर तिथून, काम सोपं. पण भिंतीतल्या बिब कॉकला बहुतेक घरात असा वेगळा कॉक नसतोच, मग टाकीच्या खालचा कॉक बंद करायचा. तो वर्षानुवर्षं हललेला नसतो, जोर लावून मोडू नका, थोडा पुढे थोडा मागे करत सोडवा. तो बंदच होत नसेल तर टाकी रिकामी व्हायची वेळ साधा किंवा टाकीच्या आतून आउटलेटला फडक्याचा बोळा लावा, बोळा मोठा घ्या म्हणजे पाइपात ओढला जाणार नाही, आणि काम झाल्यावर आठवणीने काढा.

प्रेशर पंप असेल तर त्याचा स्विच आधी बंद. लाइन उघडली की प्रेशर पडतो आणि ऑटोमॅटिक पंप आपणहून चालू होतो, मग सगळ्या किचनभर पाणी. विहिरीचा पंप पण बंद ठेवा म्हणजे कोणी नकळत टाकी भरायला लावणार नाही. मिक्सरचं काम असेल तर गिझरचं बटण बंद करा आणि गिझरला जाणारा कॉक पण.

ग्रामपंचायतीच्या नळ योजनेचं पाणी थेट किचनमध्ये येत असेल तर पाणी यायची वेळ सोडून काम करा आणि तुमच्या हद्दीतला कॉक बंद करा, रस्त्यावरच्या जोडणीला हात लावायचा नाही. फ्लॅटमध्ये असाल तर गच्चीवरचा नेमका कुठला कॉक आपला ते आधी विचारा, नाहीतर वरच्या काकूंच्या आंघोळीच्या वेळी पाणी जायचं.

बंद केल्यावर किचनचा नळ उघडा ठेवा, आणि घरातला सगळ्यात खालचा नळ पण उघडा. पाइप रिकामा होऊ दे. सिंकच्या जाळीवर फडकं टाका, छोटा स्क्रू एकदा आत गेला की गेला.

जुना नळ हलतच नाहीये. किती जोर लावू?

आधी पाइप कुठला आहे ते ओळखा, जोर त्यावर ठरतो. पिवळसर पाइप म्हणजे सीपीव्हीसी, पांढरा यूपीव्हीसी, आणि जुन्या घरात जस्ताचा थर दिलेला लोखंडी, म्हणजे जीआय.

सीपीव्हीसीच्या लाइनला नळ जिथे बसतो तिथे पितळी आट्यांचा एल्बो असायला हवा. तो असेल तर नळ सहज निघतो. पण मागचा पाइप चिकटवलेला आहे, त्याला पीळ सहन होत नाही, म्हणून एका हाताने एल्बो पक्कडीने धरायचा आणि दुसऱ्याने नळ घड्याळाच्या उलट दिशेने फिरवायचा. आपल्याकडच्या बऱ्याच जुन्या घरात पाइप भिंतीच्या बाहेरून, मागच्या पडवीतून येऊन चिऱ्यातल्या भोकातून आत घेतलेला असतो. हे चांगलंच, मागून एकाला एल्बो धरायला उभा करा. फक्त उन्हात राहिलेला प्लास्टिक पाइप ठिसूळ झालेला असतो तेवढं लक्षात ठेवा.

जीआयमध्ये गंज पकडून ठेवतो. गंज सोडवायचा स्प्रे आट्यांवर मारा आणि रात्रभर तसंच राहू दे. सकाळी आधी अगदी किंचित आवळायच्या दिशेने हलवा, मग सोडवायच्या. एकदा का कट्ट झालं की पुढे सोपं आहे. हातोडी मारू नका, लांब नळी लावून पान्ह्याचा दांडा वाढवू नका, गॅसची ज्योत तर नकोच.

आणि ज्या क्षणी नळाबरोबर भिंतीतला एल्बो फिरतोय असं वाटेल, टाइलच्या कडेचं सिमेंट भुरभुरायला लागेल, त्या क्षणी हात काढा.

काढताना नळ तुटला आणि आट्यांचा तुकडा आतच राहिला. आता?

घाबरू नका, हे होतं, विशेषतः पीव्हीसीचे नळ असे तुटतात. दुकानात अर्ध्या इंचाचा एक्स्ट्रॅक्टर मिळतो, आत घालून उलटा फिरवला की तुकडा पकडून बाहेर येतो. नसेल तर हॅकसॉचं नुसतं पातं हातात धरून, मागे फडकं गुंडाळून, तुकड्याला आतून दोन खाचा पाडा, हळूहळू, आणि स्क्रू ड्रायव्हरने मधला भाग आतल्या बाजूला वळवून काढा. पातं एल्बोच्या आट्यांना लागता कामा नये. लागलं आणि आटे कापले गेले तर तिथे कितीही टेफ्लॉन लावलं तरी झिरपत राहील.

टेफ्लॉन किती गुंडाळायचं आणि कुठल्या दिशेने?

नळाचे आटे तुमच्या तोंडाकडे येतील असा धरा आणि घड्याळाच्या काट्याच्या दिशेने गुंडाळा. उलटं गुंडाळलं तर नळ बसवताना टेप सुटून गोळा होतो. पहिला एक आटा मोकळा सोडा, टेपचे तुकडे पाण्यात जाऊन जाळीत अडकत नाहीत. टेप ताणून धरा, म्हणजे आटे टेपमधून दिसले पाहिजेत.

किती वेढे याला एकच उत्तर नाही. आपल्याकडे मिळणारा साधा टेप पातळ असतो, त्याचे दहा-पंधरा वेढे सहज लागतात, जाड टेप असेल तर निम्म्यात होतं. खरी परीक्षा अशी की नळ पहिले दोन-तीन फेरे हाताने जावा आणि मग घट्ट होत जावा. शेवटपर्यंत हातानेच गेला तर टेप कमी आहे, काढा, जुना टेप टूथब्रशने साफ करा, जास्त लावा. सुरुवातीलाच अडला तर जास्त झालाय किंवा आटे वाकडे लागलेत.

घट्ट करताना सगळ्यात महत्त्वाचं, एकदा आवळलेला नळ मागे फिरवायचा नाही. थोडा जरी उलटा आला तरी टेपची पकड सुटते आणि तिथून पाणी झिरपतं.

मग नळाचं तोंड बरोबर खाली कसं आणायचं? माझा वाकडाच राहतो.

टेप न लावता आधी कोरडा बसवून बघा, हाताने जाईल तेवढा, आणि तोंड कुठे थांबतं ते बघा. टेप लावल्यावर तो साधारण त्याच्या आसपास घट्ट होईल. खाली यायला अर्धा फेरा बाकी असेल आणि नळ आधीच कडक झाला असेल तर जबरदस्ती नको, काढून दोन-तीन वेढे कमी करून परत बसवा. उलट पुढे गेला तर मागे न आणता पूर्ण काढून वेढे वाढवा. दोनदा-तीनदा काढघाल करायला लागली तरी चालेल, टेप स्वस्त आहे.

भिंतीला लागून येणारी स्टीलची गोल तबकडी म्हणजे फ्लँज, ती नळाच्या आधी घालायला विसरू नका. टाइलमुळे एल्बो खोल गेला असेल आणि नळ पोचतच नसेल तर एक्स्टेंशन निपल मिळतो, अर्ध्या इंचापासून वेगवेगळ्या लांबीचा, पण पितळी घ्या.

आमचे जुने प्लंबर सुतळी आणि सफेदा लावायचे, ते जास्त पक्कं नसतं का?

लोखंडी पाइपावर ते पक्कं बसायचं, खोटं नाही. पण जुन्या सफेद्यात शिसं असायचं, पिण्याच्या पाण्याला ते नकोच. आणि सुतळी ओली होऊन फुगते, प्लास्टिकच्या एल्बोत ती फुगली की एल्बो चिरतो. एम-सील पण आट्यांवर लावू नका, पुढच्या वेळी नळ निघणार नाही आणि भिंत फोडायची वेळ येईल.

आमचा नळ सिंकवर उभा आहे, त्याला पण हेच सगळं?

नाही, तो सोपा आहे, फक्त सिंकखाली आडवं झोपून करायला लागतो. खाली कनेक्शन पाइप असतो, जाळीचा लवचीक, त्याच्या टोकात रबराचा वॉशर असतो आणि तोच पाणी अडवतो, तिथे टेफ्लॉनची गरज नाही. हाताने घट्ट करायचा आणि पान्ह्याने पाव फेरा, बास. जास्त आवळला की वॉशर चिरतो. नळ बदलताना कनेक्शन पाइप पण नवीनच टाका, खाऱ्या हवेत त्याची बाहेरची जाळी तुटायला लागते आणि तो फुटतो तेव्हा नेमकं घरात कोणी नसतं. लांबी मोजून घ्या, ताणून बसवू नका आणि मोडून पण नको.

बसवून झाला. आता नक्की कळणार कसं की गळत नाही?

तोंडाची जाळी काढून ठेवा, मग टाकीचा कॉक हळूहळू उघडा आणि पाणी दोन-चार मिनिटं जोरात जाऊ दे, लाइनमधला गंज, रेती, टेपचे कण निघून जातील. मग जाळी लावा. जॉइंट पुसून कोरडा करा आणि खाली वर्तमानपत्राचा कागद ठेवून रात्रभर सोडा, सकाळी एक ठिपका जरी ओला दिसला तरी काढून परत बसवा. कागदावर लगेच दिसतं, डोळ्याला फ्लँजमागचं दिसत नाही.

नवीन नळ लावला पण धार बारीक येते, पैसे वाया गेले का?

आधी जाळी बघा, पहिल्या दिवशीच कचरा अडकतो. जांभ्यातल्या विहिरींना लोहाचा लालसर गाळ येतो, पावसाच्या सुरुवातीला गढूळ पाणी पण येतं, तेव्हा जाळी अधूनमधून काढून धुवायलाच लागते. चिकट थर असेल तर थोडा वेळ व्हिनेगरमध्ये ठेवा. आगळात नको, त्यात मीठ असतं.

जाळी साफ असूनही बारीक असेल तर टाकीची उंची बघा. नळापेक्षा पाणी जेवढे मीटर वर, तेवढा प्रेशर, एका मीटरला साधारण ०.१ बार. कौलारू घरात टाकी नळाच्या वर दोन मीटर पण नसते, म्हणजे ०.२ बार, आणि काही भारी दिसणारे मिक्सर एवढ्यावर चालत नाहीत. विकत घेतानाच दुकानदाराला सांगा की टाकी कमी उंचीवर आहे.

मुंबईला असतो, घर वर्षातून दोनदा उघडतं. काय करून जाऊ?

निघताना टाकीचा कॉक बंद करा आणि किचनचा नळ उघडून लाइन रिकामी करा. नळ फार कचकचून बंद करून ठेवू नका, वॉशर चिकटून दाबला जातो. परत आल्यावर पहिलं पाणी पिऊ नका, पितळेच्या नळात आणि पाइपात ते महिनोन्महिने उभं राहिलेलं असतं, टाकी धुवा आणि पाच-दहा मिनिटं वाहू दे. नंतर सगळे नळ दोन-तीन वेळा उघडबंद करा, जो गळणार तो त्याच दिवशी कळेल, चतुर्थीच्या आदल्या रात्री नाही.

प्लंबरला कधी बोलवायचंच?

भिंतीत एल्बो फिरला तर. नळ काढल्यावर भिंतीच्या आतून पाणी झिरपताना दिसलं तर. जीआयचे आटे हाताने दाबले तरी भुगा होत असतील तर, कारण मग नळ नाही, लाइनच बदलायला हवी. आणि टाकीचा कॉक बंद होत नसेल आणि तुम्ही एकटे असाल तर. यात कमीपणा काही नाही, लाइनचं काम हे वेगळंच काम आहे.

नवीन नळ जास्त टिकावा म्हणून काय करू?

रात्री भांडी झाली की गोड्या पाण्याने धुवून कोरड्या फडक्याने पुसा, समुद्राकाठी हाच खरा उपाय. संडास साफ करायचं ॲसिड नळाला लावू नका, क्रोम लगेच काळं पडतं. पाव फेऱ्याचा नळ आपटून बंद करू नका, प्रेशर पंपाच्या लाइनवर त्याने पाइपात धाड धाड आवाज होतो आणि जॉइंट ढिले होतात. टाकीच्या आउटलेटनंतर एक गाळणी बसवून घ्या, रेती कार्ट्रिजपर्यंत पोचत नाही. दुकानाची पावती आणि नळाच्या खोक्यावरचा मॉडेल नंबर यांचा फोटो काढून ठेवा, कार्ट्रिज मागवताना लागतो.

जुन्या नळाचं काय करू?

हँडल, फ्लँज आणि जाळी चांगली असेल तर काढून डब्यात ठेवा, मागीलदारच्या नळाला उपयोगी पडतात. बाकी पितळेचा असेल तर भंगारवाल्याला वजनावर द्या, पितळेचा भाव लोखंडापेक्षा बराच जास्त असतो, म्हणून लोखंडाच्या ढिगात टाकू देऊ नका, वेगळा तोलायला सांगा.